वेणूताईंची मुखपृष्ठं

“वाचाचं हाय का पाहाचं?”

वेणूताई धकाते माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. लग्न होऊन मी साताऱ्याकडून नागपूरला आले त्याला जेमतेम महिना झाला असेल. साठीचं दशक संपत आलं होतं. नवरा कचेरीत गेला की दिवस खायला उठायचा, म्हणून त्यानं मला गांधीबागेतल्या एका वाचनालयाची वर्गणी भरून दिली. खाली ठोक कापडाची दुकानं, पाठीवर गठ्ठे घेऊन चाललेले हमाल, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. त्यातून वाट काढत लाकडी जिना चढलं की वर वाचनालय. टेबलामागे चाळिशी ओलांडलेल्या एक उंच, सावळ्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. मी एका कादंबरीचं नाव सांगितलं, तर त्यांनी हा प्रश्न विचारला.

नागपूरची बोली मला अजून नीट कळत नव्हती. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटून मी म्हटलं, “वाचायचं आहे.”

“मंग ठीक हाय,” त्या उठत म्हणाल्या. “पाहाचं असतं तं दुसरं देलं असतं. याचं चित्र खाली-पिली ओरडून राहिलं.”

कुठल्याही यादीत न बघता त्या एका कपाटाशी गेल्या आणि पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. घरी आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पुस्तकाचं मुखपृष्ठ नीट पाहिलं. तोपर्यंत ते उलटायचं पान होतं. वर केस मोकळे सोडलेली एक बाई होती, तिच्या मागे वादळ, आणि नावाची अक्षरं तांबडी, खाली ओघळणारी. कादंबरी मात्र फार शांत निघाली. तिच्यातल्या बाईचे केस शेवटपर्यंत एकदाही सुटत नाहीत. मी पुस्तक परत करताना हे वेणूताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग परतीची नोंद केली. पण पुढच्या महिन्यात त्यांना मदतनीस नेमायची वेळ आली तेव्हा त्यांनी कार्यवाहांकडे माझं नाव दिलं. मी ग्रंथालयाचं काहीही शिकलेली नव्हते. का दिलं, ते मला कधी कळलं नाही.

कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी चक्रावले. त्या वाचनालयात पुस्तकं ना लेखकाप्रमाणे लावलेली होती, ना विषयाप्रमाणे. प्रत्येकावर क्रमांक होता, पण त्या क्रमानंही ती नव्हती. तत्त्वज्ञानाच्या एका जाड ग्रंथाला टेकून रहस्यकथा उभी होती, तिच्या शेजारी संत्र्याच्या बागेवरची पुस्तिका. मी वेणूताईंना विचारलं, “ताई, ही तिन्ही एकत्र कशी?”

“पाहा ना.”

मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. तिन्हींच्या मुखपृष्ठांवर माणसं होती आणि तिन्हींवर ती पाठमोरी होती.

हळूहळू मला त्यांची कपाटं समजायला लागली. एक फळी पाठमोऱ्यांची. एक पाण्याची: नदी, विहीर, अश्रू, सगळं तिथंच. एक नुसत्या अक्षरांची, जिथं चित्रकारानं चित्र न काढता नावालाच चित्र केलं होतं. आणि सगळ्यांत खाली एक लांबलचक फळी खोट्यांची. वर एक आणि आत दुसरंच, अशी पुस्तकं तिथं. माझी ती पहिली कादंबरीही तिथलीच होती.

पण हे समजलं असं म्हणेपर्यंत पुस्तकं जागा बदलत. बैलगाडीचं चित्र असलेली एक कादंबरी सोमवारी खोट्यांत असायची, आणि शुक्रवारी वाटांच्या फळीवर. मी शोधून थकायची. एकदा वैतागून विचारलं तर म्हणाल्या, “काल संध्याकाळी खिडकीतलं ऊन पडलं होतं त्याच्यावर. तवा दूरून पाहिलं. ते चित्र खोटं नोयतं वं. मीच फार जवळून पाहत होती.”

वाचकांना मात्र पुस्तक क्षणात मिळायचं. नाव सांगा, लेखक सांगा, नाहीतर अर्धवट आठवणारी गोष्ट सांगा, त्या उठून नेमक्या फळीशी जात. अडचण व्हायची ती त्या रजेवर असल्या की. तेव्हा वाचकही माझ्यासोबत कपाटांसमोर उभे राहत, आणि आम्ही सगळे मिळून आठवायचो की त्या पुस्तकावर काय होतं बरं, घर होतं की झाड.

वेणूताईंचं माहेर नागपूरजवळच्या उमरेडच्या विणकरांतलं. वडील हातमागावर लुगडी विणत. त्यामुळे पुस्तकाविषयी बोलतानाही त्यांच्या तोंडी लुगड्याचीच भाषा यायची. “काठ चांगला, पण अंगात गडबड,” असं त्या एखाद्या मुखपृष्ठाला म्हणत. किंवा, “सगळा पदरच पदर. नेसाचं काय यानं?” भपकेदार चित्रांना हे शेवटचं लागू पडे.

खालच्या दुकानांत कापडाच्या ताग्यांवर गिरण्यांची रंगीत लेबलं चिकटवलेली असत. वाघावर बसलेली मेम, कमळातली लक्ष्मी, हत्तीच्या सोंडेत घड्याळ. काही लेबलं जुनी होती, दगडावरून छापलेली, आणि त्यांचे रंग अजून ओले वाटायचे. वेणूताई ती दुकानदारांकडून मागून आणत आणि मोठ्या शब्दकोशात ठेवून सपाट करत. एका दुपारी त्यांनी असं एक लेबल आणि नुकतंच आलेलं एका कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ शेजारी शेजारी ठेवलं. मुखपृष्ठावर राखाडी कागदावर दोन तिरप्या रेघा होत्या, बस.

“हे ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी काढलं,” लेबलावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “आन हे ज्याले वाचता येते त्याच्यासाठी. कोनाचं काम कठीण?”

मी विचार करून म्हटलं, “लेबलाचं.”

“हं.”

“म्हणजे माझं बरोबर का?”

“मले काय मालूम? मी विचारून राहिली.”

त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे असं. त्या प्रश्न विचारत, आपण उत्तर देत असू, आणि त्या “हं” म्हणत. तो होकार आहे की नकार, हे माझ्या शेवटपर्यंत ध्यानात आलं नाही. आपल्याला काही समजतंय असं वाटायला लागलं की त्या नेमकं उलट काहीतरी बोलत. मी घरी जाऊन नवऱ्यापाशी तक्रार करायची. तो हसून म्हणायचा, “नोकरी सोड मग.” पण सकाळी मी इतरांच्या आधी जिना चढलेली असायची.

*

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला वाचनालयाच्या समितीनं एक ठराव आणला. पुस्तकं फार वापरून जर्जर झाली होती. पानं सुटत होती, कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, वाचक तक्रारी करत होते. आमचे कार्यवाह ठोंबरे वकील सज्जन आणि नीटनेटके गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की सगळ्या जुन्या कथा-कादंबऱ्यांची पक्की बांधणी करून घ्यावी. मुखपृष्ठं काढून टाकायची, पुठ्ठा घालायचा, वर तपकिरी रेक्झीन, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत क्रमांक. आणि एकदा ते झालं की पुस्तकं क्रमांकाप्रमाणे लावायची.

हे ऐकून माझी झोप उडाली. वेणूताईंची ती सगळी कपाटं, पाठमोरी माणसं, पाणी, खोटी पुस्तकं, सगळं एका रंगात बुडणार होतं. बैठकीला मी मदतनीस म्हणून चहा द्यायला हजर असे. त्या दिवशी चहा बाजूला ठेवून मी बोलायला उभी राहिले. मुखपृष्ठ हा पुस्तकाचा चेहरा असतो, चित्रकारांनी त्यासाठी जीव ओतलेला असतो, तो आपण कसा फाडायचा, असं बरंच काही बोलले.  ठोंबरे वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि वेणूताईंकडे वळून म्हणाले, “तुमचं काय मत, बाई?”

“बांधा,” वेणूताई म्हणाल्या.

मला वाटलं मी पुन्हा चुकीचं ऐकलं.

“पुस्तकं फाटून राहिले. लोकं वाचून राहिले म्हणूनच फाटून राहिले ना. बांधाले पायजे.”

ठराव एकमतानं मंजूर झाला. खाली उतरताना जिन्यावर मी त्यांना गाठलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. “तुमच्यासाठी मी बोलले, आणि तुम्हीच—”

“माह्यासाठी काहून बोलली तू?” त्या शांतपणे म्हणाल्या. “पुस्तकासाठी बोलाचं होतं. मागचं पान सुटून नालीत गेलं तं समोरचं चित्र घेऊन काय कराचं?”

त्या बरोबर बोलत होत्या हे दिसत होतं, आणि तरी माझा राग जात नव्हता.

बाइंडरकडे पुस्तकं जाण्याआधी मुखपृष्ठं काढायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ओल्या फडक्यानं डिंक मऊ करायचा, पात्यानं कड सोडवायची, आणि मुखपृष्ठ अलगद उचलून शब्दकोशांच्या ओझ्याखाली वाळत ठेवायचं. कितीतरी दिवस त्या हेच करत होत्या. एखादं फाटलं तर कपाळाला हात लावायच्या, आणि पुढचं घ्यायच्या.

मग हातगाडीवरून पुस्तकं परत आली. कपाटं भरली. एका ओळीत, एका रंगात, क्रमानं. ठोंबरे वकील येऊन पाहून गेले आणि खूश झाले. थोड्या वेळानं एक वाचक आला आणि त्यानं एक कादंबरी मागितली. वेणूताई नेहमीसारख्या उठल्या, कपाटांपाशी गेल्या, आणि उभ्या राहिल्या.

त्यांना पुस्तक सापडेना.

त्यांनी एका पुस्तकाच्या पाठीवर हात ठेवला, मग दुसऱ्याच्या. यादीतून क्रमांक काढायचं त्यांच्या लक्षात येईना. इतक्या वर्षांत ती वेळच आली नव्हती. शेवटी मीच यादी पाहून पुस्तक काढून दिलं. वाचक गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या, आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

“सगळ्या पोराईले शाळेचा एकच ड्रेस घालून देला,” त्या म्हणाल्या. “आता माहं कोणतं, तेच मले वळखू नाही येत.”

त्यानंतर बरेच दिवस पुस्तकं मी काढून द्यायची आणि त्या नोंद करायच्या. मला वाटायचं, या आता नोकरी सोडतील. त्यांनाही वाटत असावं. एकदा दोन दिवस आल्याच नाहीत. त्या भावाकडे राहत, तिथं मी निरोप पाठवला, तर उत्तर आलं, तब्येत बरी आहे. मग काय झालं, ते कुणी सांगेना.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या त्या सुतळीचा गुंडा आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन.

*

वाचन कक्षाच्या लांब भिंतीवर त्यांनी सुतळ्या बांधल्या आणि काढून ठेवलेली मुखपृष्ठं चिमट्यांनी त्यांच्यावर लावली. एकावेळी थोडीच. पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव यांच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. नुसतं चित्र उघडं. खाली कागदावर लिहिलं: ‘आत काय असन?’

ठोंबरे वकिलांनी ‘असन’ खोडून ‘असेल’ करायला सांगितलं. वेणूताईंनी केलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते खोडून परत ‘असन’ केलं. कुणी केलं, हे मला माहीत आहे, पण सांगत नाही.

त्या भिंतीनं आमचं वाचनालय बदलून टाकलं. जे कधी पुस्तक नेत नसत ते लोक वर यायला लागले. खालचे हमाल दुपारच्या सुट्टीत येऊन चित्रांसमोर उभे राहत. कापडाचे व्यापारी येत. शेजारच्या घरांतल्या बायका भाजी घेऊन परतताना पिशवीसकट जिना चढत. तिथं वाद होत. एकजण म्हणे, हे शिकारीचं पुस्तक. दुसरी म्हणे, नाही, या माणसाची बायको मेली आहे, हात बघा त्याचे. वेणूताई कुणालाच बरोबर किंवा चूक म्हणत नसत. “पट्टी शनिवारी काढीन,” एवढंच. आणि शनिवारी पट्टी निघाली की ते पुस्तक मागायला गर्दी होई, तपकिरी रेक्झीनमधलं.

भिंतीवर जुनी मुखपृष्ठं होती तशी नवीही असत. तेव्हा पुस्तकांचे चेहरे बदलत चालले होते. पूर्वी माणसं, झाडं, डोंगर असायचे. आता चौकोन, डाग, अर्धं फाटलेलं अक्षर. एकदा एका नव्या नाटकाचं मुखपृष्ठ त्यांनी लावलं. पांढऱ्या कागदावर एक काळं वर्तुळ, तेही पूर्ण जुळलेलं नव्हतं. लोक हसले. कुणी म्हणालं बांगडी, कुणी म्हणालं चित्रकाराचा चहाचा कप. शनिवारी बाकीची चित्रं उतरली, हे तसंच राहिलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच.

“ताई, हे काढायचं नाही का?”

“ज्याचा निकाल लागला ते काढाचं. याचा नाही लागला माह्याकडून.”

“तुम्हाला आवडलं का ते?”

त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते कळेना. “समजून नाही राहिलं. पण येता-जाता मी त्याच्याचकडे पाहून राहिली. माह्या बापानं एकदा बिनकाठाचं लुगडं विणलं होतं, तवा माही आई असंच पाहत होती त्याच्याकडे. नेसली नाही. पण ठेवून देलं.”

ते वर्तुळ महिनाभर भिंतीवर होतं. निकाल लागला की नाही, मला माहीत नाही. एक दिवस ते नव्हतं.

अशाच एका दुपारी सोहनी नावाचे एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरं धोतर, हातात छत्री. धरमपेठेत राहतात, एवढंच त्यांनी सांगितलं. भिंतीपाशी हळूहळू सरकत ते एका चित्राशी थांबले. जुनं मुखपृष्ठ होतं, दोनच रंगांचं: एका खिडकीच्या गजांना धरून उभं असलेलं लहान मूल. ते गृहस्थ तिथून हलेनात, तेव्हा वेणूताई त्यांच्याजवळ गेल्या.

“चित्र सुंदर हाय,” त्या म्हणाल्या. “पण ज्यानं काढलं त्यानं पुस्तक नाही वाचलं. पुस्तकात लेकरूच नाही.”

सोहनींनी मान वळवली. “वाचलं होतं,” ते म्हणाले. “पुन्हा पुन्हा वाचलं होतं. चित्र माझंच आहे.”

मी टेबलाशी होते, माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. 

“त्या कादंबरीत नवरा-बायको सगळं बोलतात,” सोहनी सांगत होते. “घरादाराचं, शेजाऱ्यांचं, हवापाण्याचं. एकच गोष्ट कुणी बोलत नाही. मला वाटलं, ती वर काढावी.”

वेणूताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, मला चहा सांगितला, आणि यादीत क्रमांक पाहून ती कादंबरी काढली. घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या आठवड्यात सोहनी पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मी चुकली. लेकरू हाय त्याच्यात. मलेच दिसलं नोयतं.”

सोहनींना फार बरं वाटलं. त्यांनी पिशवीतून एक जुना जाड कागद काढला. त्याच मुखपृष्ठासाठी त्यांनी आधी काढलेलं चित्र होतं ते, प्रकाशकानं परत पाठवलेलं. रिकामा पाळणा, त्याच्यावर पडलेला उजेड. इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवलं होतं. “खरं चित्र हे,” ते म्हणाले. “त्याला कळलं नाही.”

वेणूताईंनी कागद खिडकीपाशी नेला. जवळून पाहिला, लांबून पाहिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, चांगलं म्हणा, वयस्कर माणूस आहे, चांगलं म्हणा.

“त्या प्रकाशकानं बराबर केलं,” त्या म्हणाल्या.

 सोहनींनी कागद गुंडाळला, छत्री उचलली आणि निघाले. मी वेणूताईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. “काहून गेले ते?” त्यांनी मला विचारलं. “मी चित्राबद्दल बोलली ना?”

पुढे महिनाभर सोहनी आले नाहीत. वेणूताई रोज खिडकीतून खालच्या रस्त्यावर नजर टाकत. मग एका सकाळी ते आले, आणि भिंतीसमोर उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “पाळणा रिकामा दाखवला की सगळं सांगूनच टाकलं. नाही का?”

“हं,” वेणूताई म्हणाल्या.

त्यांची दोस्ती झाली ती त्या दिवसापासून. सोहनी जाईपर्यंत टिकली. त्यांचं एकमेकांशी फारसं पटायचं नाही. जुन्या मुखपृष्ठांवर सोहनी भाळलेले, नव्यांवर चिडलेले; आणि त्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. मी मधे बसून दोघांचं ऐकायची आणि आणखी गोंधळायची.

*

वेणूताई निवृत्त झाल्या तेव्हा मुखपृष्ठांची पेटी त्यांनी वाचनालयातच ठेवली. “माही नाही, लायब्ररीची हाय.” भाऊ वारल्यावर भाच्याजवळ राहायला त्या नागपूरच्या वेशीवरच्या वाडीला गेल्या. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं, त्यांच्यामागे भाड्याच्या खोल्यांची रांग, आणि समोर दिवसभर उभे असलेले ट्रक. मी भेटायला गेले की आम्ही खोलीबाहेर खाटेवर बसायचो. त्यांची नवी भिंत आता हे ट्रक. कुठल्या ट्रकचा मोर पंजाबात रंगवला आणि कुठला इथलाच, हे त्या सांगत. खरं होतं की नाही, कोण जाणे. एकदा एका ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, मोर इंदूरला काढला. वेणूताई म्हणाल्या, “त्याले नाही मालूम.”

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात माझ्या कथांचा संग्रह निघायचं ठरलं. मधल्या वर्षांत मी कथा लिहायला लागले होते; हे माझं पहिलंच पुस्तक. प्रकाशकानं मुखपृष्ठ एका तरुण मुलाकडून करून घेतलं आणि माझ्याकडे पाठवलं. मी ते उलगडलं आणि माझा हिरमोड झाला. सगळा कागद पांढरा. खालच्या बाजूला एक आडवी काळी रेघ, उंबऱ्यासारखी. तिच्याजवळ बायकांच्या चपलांचा जोड, त्यातली एक उलटी पडलेली. माझ्या एकाही कथेत चपला नव्हत्या. प्रकाशकाला नाही म्हणून कळवायचं की हो, हे मला ठरवता येईना. मी हस्तलिखित आणि चित्र घेऊन वाडीला गेले.

वेणूताईंनी चित्र मांडीवर घेतलं. समोरून ट्रक मागे घेत होते, धूळ येत होती, त्यांनी पदरानं ते झाकलं, परत उघडलं.

“ही बाई आत गेली का बाहेर?”

“कुणास ठाऊक. मला हे चित्रच कळत नाही, ताई. बदलायला सांगू का?”

“गोष्टी ठेवून जा.”

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी हस्तलिखित उशाखालून काढलं. डोळे आता लवकर थकायचे, भाच्याच्या बायकोनं, मंगलानं, अर्ध्या गोष्टी वाचून दाखवल्या होत्या.

“चित्र बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “पुस्तक बदल.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी शेवटच्या कथेची पानं काढून माझ्यासमोर धरली. तिच्यातली बाई भांडून घराबाहेर पडते, दिवसभर गावात फिरते, आणि शेवटी संध्याकाळी घरी परत येते. ती परतते ते पान मला फार आवडायचं. मी ते कितीदा तरी लिहिलं होतं.

“तू तं तिले परत आणून टाकलं,” त्या म्हणाल्या. “ते पोरगं तं नाही म्हणून राहिलं ती परत आली म्हणून. गेली असंही नाही म्हणून राहिलं.”

“पण ती परत येते, ताई. तीच तर गोष्ट आहे.”

 मंगला आत भांडी घासत होती. मग वेणूताई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या संसाराचं काही म्हणाल्या, “मी नवऱ्याचं घर सोडलं ना, तवा मले वाटे, आज नाही तं उद्या जाईन परत. माह्या माहेरी रोज संध्याकाळी मी लुगडं बदलून बसू. आई म्हणे, कायले बदलते? मी म्हणू, असंच. कित्येक महिने बसली तशी. गेली नाही. पण नाही जायाचं, असं मी कवाच ठरवलं नाही वं. अजूनही नाही ठरवलं.”

 त्यांच्याबद्दल लोक नाना गोष्टी सांगत: नवऱ्यानं टाकलं, नवरा वारला, त्याच पळून आल्या. मी कधी विचारलं नव्हतं. आताही विचारावंसं वाटलं, आणि विचारलं नाही. त्यांनी पानं माझ्या हातात दिली, चित्र वर ठेवलं, आणि मंगलाला चहा टाकायला सांगितलं.

मी घरी आले ती चिडूनच. माझ्या बाईचा आणि त्यांचा काय संबंध, असं स्वतःशी म्हणत आले. हस्तलिखित तसंच पडून राहिलं. त्या उन्हाळ्यात वेणूताई गेल्या. सकाळी चहा घेतला, खाटेवर बसल्या, आणि मंगला बाहेर आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

तेरावा झाल्यावर मी ती कथा काढून बसले. शेवटचं पान वाचलं. अजूनही ते मला चांगलंच वाटत होतं, आणि आजही वाटतं. मी ते काढून बाजूला ठेवलं, आणि त्याच्याशिवाय कथा वाचली. ती आता उंबऱ्याच्या अलीकडे थांबत होती. बरी झाली की बिघडली, हे मला ठरवता आलं नाही. मी ती तशीच प्रकाशकाकडे पाठवली, आणि सोबत कळवलं की मुखपृष्ठ बदलू नका.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती झाली. वाचक भेटले की विचारतात, ती बाई शेवटी घरी जाते का हो? काहींना खात्री असते की जाते. काहींना खात्री असते की नाही. ते माझ्याकडे निकालासाठी पाहत राहतात. मी लेखिका, मला ठाऊक असायला हवं. मी त्यांना खरं तेच सांगते, की मला माहीत नाही. त्यांना ते पटत नाही, लपवते असं वाटतं. मग मी पुस्तक मिटून त्यांच्यापुढे ठेवते, आणि आम्ही मिळून त्या चपलांकडे पाहत बसतो.